ध्वनिमुद्रणाचा अंतिम संस्कार आणि घरगुती स्टुडिओ : एक ऐतिहासिक अभ्यास (विशेष संदर्भ : नागपूर)

प्रस्तावना :

संगीताच्या ध्वनिमुद्रणाचा इतिहास लिहिताना गायक, वादक, संगीतकार, कंपन्या आणि यंत्रे यांची दखल आवर्जून घेतली जाते. परंतु ध्वनिमुद्रण संपल्यानंतर आणि त्याच्या प्रती श्रोत्यांपर्यंत पोहोचण्यापूर्वी एक टप्पा असतो. त्याकडे इतिहासकारांचे लक्ष क्वचितच गेले आहे. या टप्प्यास व्यवसायात ‘मास्टरिंग’ असे म्हणतात. सुमारे शंभर वर्षे हे काम कलावंताच्या दृष्टीआड, बहुधा दूरच्या शहरात, कंपनीच्या तंत्रज्ञांकडून होत असे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत संगणकामुळे ते कलावंताच्या स्वतःच्या घरात होऊ लागले. मुंबई व कोलकाता या ध्वनिमुद्रण उद्योगाच्या केंद्रांपासून दूर असलेल्या नागपूरसारख्या शहराच्या दृष्टीने हे स्थित्यंतर विशेष महत्त्वाचे आहे.

प्रस्तुत लेखात दोन प्रश्नांचा विचार केला आहे. पहिला, ध्वनीविषयीचा अंतिम निर्णय निरनिराळ्या काळांत कोणाच्या हाती होता आणि तो घरी आल्याने काय बदलले? दुसरा, मूळ मास्टर आता कोणाजवळ राहतो आणि उद्याच्या इतिहासकाराला तो उपलब्ध होईल काय? दुसरा प्रश्न वरवर तांत्रिक वाटला तरी तो इतिहासाच्या साधनांचा प्रश्न आहे, आणि म्हणून महाविद्यालयीन अध्यापकांनी त्याचा विचार करणे आवश्यक आहे.

‘मास्टर’ या संज्ञेचा अर्थ :

ज्या एका मूळ मुद्रणावरून पुढील सर्व प्रती काढल्या जातात, त्यास मास्टर म्हणतात. तो तयार करताना वेगवेगळे आवाज एकत्र करून झालेल्या मिश्रणावर अखेरचा हात फिरवला जातो. खर्ज व तार स्वरांचा तोल इक्वलायझरने साधणे, हळू आणि मोठ्या आवाजांतील अंतर कॉम्प्रेसरने आवरणे, लिमिटरने एकूण पातळी उंचावणे, गाण्यांचा क्रम व त्यांमधील विराम ठरवणे आणि ज्या माध्यमावर गाणे जाणार त्या माध्यमाच्या मर्यादेत ते बसवणे, ही या टप्प्यातील प्रमुख कामे होत. हस्तलिखित आणि छापील पुस्तक यांच्यामध्ये जे स्थान मुद्रितशोधन व मांडणीला आहे, साधारण तेच स्थान गाण्याच्या बाबतीत मास्टरिंगला आहे. तेथे झालेली चूक प्रत्येक प्रतीत उतरते.

हॅनोव्हर ते दमदम :

१९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायसबर्ग यांनी कोलकाता येथे गौहरजान यांचे गायन ध्वनिमुद्रित केले. भारतातील व्यावसायिक ध्वनिमुद्रणाचा आरंभ म्हणून या घटनेचा नेहमी उल्लेख होतो. मेणाच्या जाड तबकडीवर खाचा कोरल्या जात. त्या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे पाठवल्या जात आणि तेथे त्यांवरून धातूचे ठसे तयार करून ध्वनिमुद्रिका दाबल्या जात. गौहरजान गायनाच्या शेवटी स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारीत, ते परदेशातील कारागिरांना गायिकेची ओळख पटावी म्हणून, असे त्याचे कारण दिले जाते. मेणावरील मुद्रण वाजवून पाहिले तर ते खराब होई. त्यामुळे आपला आवाज कसा उतरला आहे हे गायकाला तत्काळ ऐकता येत नसे. अंतिम निर्णय सातासमुद्रापलीकडे होत असे.

१९०८ मध्ये कंपनीने कोलकात्यातील सियालदह येथे कारखाना काढला आणि १९२८ मध्ये तो दमदम येथे नेला. अंतर घटले, परंतु निर्णयाची जागा बदलली नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे ३ मिनिटे मिळत. तासभर रंगणारा ख्याल किंवा मध्यरात्रीपर्यंत चालणारे नाट्यपद या मर्यादेत बसवावे लागे. १९२५ मध्ये विद्युत ध्वनिमुद्रण आले, १९४८ मध्ये अमेरिकेत दीर्घवादन तबकडी आली आणि १९५४ मध्ये खर्ज व तार स्वरांच्या नोंदीसाठी एक सामायिक वक्र तेथील ध्वनिमुद्रिका उद्योगाने स्वीकारला. टेपवरील मुद्रण तबकडीवर कोरणारा तंत्रज्ञ हा याच काळात स्वतंत्र व्यावसायिक झाला. खर्ज फार वाढवला तर खाच रुंद होऊन बाजूवर कमी वेळ मावतो, फार तीव्र आघात आला तर सुई उडते. या अडचणी सांभाळण्याचे कौशल्य म्हणजेच आरंभीचे मास्टरिंग होय. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ या प्रसिद्ध चिन्हातील ‘मास्टर’ म्हणजे कुत्र्याचा धनी, हे सर्वांना ठाऊक आहे. ध्वनिमुद्रणाच्या व्यवहारातही धनीपण कंपनीकडेच होते, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे.

आकाशवाणी आणि टेप :

१९४८ मध्ये नागपूर येथे आकाशवाणी केंद्र सुरू झाले. विदर्भातील गायक-वादकांना आपल्या प्रदेशात व्यावसायिक दर्जाच्या ध्वनिक्षेपकासमोर उभे राहण्याची संधी त्यामुळे मिळाली. परंतु कोणता ध्वनी प्रसारणयोग्य हे संस्थाच ठरवीत असे. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली होती आणि ती १९७१ मध्ये अंशतः शिथिल झाली. ज्या वाद्याभोवती भजनी मंडळे, कव्वाल आणि जलसे यांचे गायन उभे होते, तेच वाद्य तीन दशके ध्वनिक्षेपकापासून दूर राहिले. ध्वनीवरील संस्थात्मक नियंत्रणाचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे.

चुंबकीय टेपमुळे मुद्रण लगेच ऐकता येऊ लागले, कापून जोडता येऊ लागले आणि पुसून त्याच टेपवर पुन्हा मुद्रण करता येऊ लागले. यातील तिसरी सोय जगभरातील प्रसारण संस्थांच्या संग्रहांवर बेतली. आर्थिक काटकसरीने असंख्य मुद्रणे पुसली गेली. साधन जितके सोयीचे तितके ते जपण्याविषयी माणूस बेफिकीर होतो, हा अनुभव पुढे संगणकाच्या काळातही येणार होता.

कॅसेटचे युग आणि नागपूरचे गीतविश्व :

१९६३ मध्ये फिलिप्स कंपनीने कॅसेट बाजारात आणली. भारतात तिचा खरा प्रसार १९८० च्या दशकात झाला. १९८३ मध्ये गुलशन कुमार यांनी सुपर कॅसेट्स ही कंपनी काढली आणि स्वस्त कॅसेटचे पर्व सुरू झाले. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, कॅसेटमुळे उत्तर भारतात एका कंपनीची मक्तेदारी कशी मोडली आणि प्रादेशिक, जातीय व धार्मिक समूहांचे संगीत बाजारात कसे आले, याची सविस्तर चर्चा केली आहे.

नागपूरच्या संदर्भात या विवेचनाला निराळा अर्थ प्राप्त होतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तत्पूर्वी १९३० च्या दशकापासून भीमराव कर्डक आदींच्या आंबेडकरी जलशांनी गीताला प्रबोधनाचे साधन बनवले होते. वामनदादा कर्डक (१९२२–२००४), विठ्ठल उमप (१९३१–२०१०) आणि प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांनी ही परंपरा पुढे नेली. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनी येणारा समुदाय परतताना ग्रंथांबरोबर गीतांच्या कॅसेटही घेऊन जात असे. पुढे कॅसेटची जागा सीडीने आणि सीडीची जागा पेन ड्राइव्हने घेतली. रेडिओवर क्वचित ऐकू येणारे हे गीत अशा रीतीने घराघरांत पोहोचले. विदर्भाच्या ग्रामीण भागात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतील खंजिरी भजने व सत्यपाल महाराजांचे सप्तखंजिरी प्रबोधन यांनाही या माध्यमांनी मोठा श्रोतृवर्ग दिला.

मात्र कॅसेटच्या युगात प्रती काढणे स्वस्त झाले, तरी मास्टर तयार करण्याचे काम स्टुडिओतच होत असे. तासाचे भाडे मोजून स्टुडिओ घ्यावा लागे, त्यामुळे दोन-तीन दिवसांत संपूर्ण संच ध्वनिमुद्रित करण्याची घाई असे. मास्टरवरून प्रत, त्या प्रतीवरून दुसरी प्रत असे करताना प्रत्येक पिढीत टेपची सुरसुर वाढत जाई आणि तार स्वर मंदावत जात. श्रोत्याच्या हाती पडलेली कॅसेट मूळ मुद्रणापासून किती पिढ्या दूर आहे हे सांगणे कठीण असे. आज त्या काळातील अनेक गाणी अशा दूरच्या प्रतींवरूनच पुन्हा संगणकावर चढवलेली आढळतात.

संगणक आणि दहा बाय दहाची खोली :

१९८२ मध्ये सीडी आली आणि ध्वनी अंकांच्या रूपात साठवला जाऊ लागला. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा, हे तिचे परिमाण होते. १९९४ मध्ये वेव्ह्ज कंपनीचा ‘एल-१’ हा लिमिटर संगणकीय प्रणालीच्या रूपात उपलब्ध झाला. १९९६ मध्ये स्टाइनबर्ग कंपनीच्या ‘क्युबेस’ने आभासी उपकरणांची पद्धत रूढ केली. २००० मध्ये ‘ऑडॅसिटी’ ही विनामूल्य प्रणाली आली. जी उपकरणे पूर्वी लोखंडी कपाटाएवढी जागा व्यापीत आणि सामान्य कलावंताच्या आवाक्याबाहेर असत, ती घरातील संगणकाच्या पडद्यावर दिसू लागली. २००५ मध्ये यूट्यूब सुरू झाले आणि २०१६ नंतर भारतात मोबाइल डेटा स्वस्त झाला. त्यामुळे वितरणासाठीही कंपनीची गरज उरली नाही. गाणे लिहिणे, गाणे, ध्वनिमुद्रित करणे, मास्टर करणे आणि प्रकाशित करणे ही पाचही कामे एकाच घरात होऊ लागली.

घर हे मात्र स्टुडिओ म्हणून बांधलेले नसते. आपल्याकडे दहा बाय दहाची खोली सर्वत्र आढळते. १० फूट म्हणजे सुमारे ३.०५ मीटर, एवढ्या अंतराच्या दोन समांतर भिंतींमध्ये सुमारे ५७ हर्ट्झचा ध्वनी घुमतो आणि त्याच्या दुप्पट, तिप्पट कंप्रतेचेही ध्वनी घुमतात. लांबी व रुंदी सारखी असल्यामुळे हा दोष दुणावतो. परिणामी ढोलकीचा धुमा भिंतीजवळ अवाजवी मोठा तर खोलीच्या मध्यभागी क्षीण ऐकू येतो. मध्यभागी बसून मास्टर करणारा कलावंत खर्ज वाढवतो आणि तेच गाणे बाहेर वाजवले असता ते घोगरे वाटते. भिंतींना रजया व गोधड्या लावल्याने तार स्वरांचे प्रतिध्वनी कमी होतात. खर्जावर त्यांचा परिणाम नगण्य असतो. यावर अधिक उपयुक्त उपाय म्हणजे बसण्याची जागा बदलून पाहणे, कोपऱ्यांत जाड व सच्छिद्र पदार्थ भरणे, आणि परिचित, उत्तम प्रतीचे गाणे त्याच खोलीत सतत तुलनेसाठी ऐकणे हा होय.

नागपूरच्या हवामानाची यात भर पडते. मे महिन्यात तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते. कूलर सुरू ठेवला तर त्याची घरघर ध्वनिमुद्रणात येते. बंद केला तर गायकाला आणि संगणकालाही ते सोसवत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात पहाटेची किंवा मध्यरात्रीनंतरची वेळ ध्वनिमुद्रणाला सोयीची ठरते. अशा बाबी क्षुल्लक वाटतील. परंतु ध्वनी कोणत्या भौतिक परिस्थितीत घडला हे जाणल्याशिवाय त्याचा सामाजिक इतिहास लिहिता येणार नाही.

मोठ्या आवाजाची स्पर्धा :

लिमिटर घरोघरी आल्याबरोबर गाणे अधिकाधिक मोठे करण्याची स्पर्धा सुरू झाली. शेजारच्या गाण्यापेक्षा आपले गाणे हळू वाटू नये, ही त्यामागील भावना. या स्पर्धेचे पडसाद जगभर उमटले. खंजिरीच्या उदाहरणाने तिचे स्वरूप स्पष्ट होईल. खंजिरीवरील थाप अत्यल्प काळ टिकते. तिची उंची गायकाच्या आवाजापेक्षा बरीच अधिक असते. लिमिटर ही शिखरे दाबतो आणि उरलेले सर्व वर उचलतो. थोडे दाबले तर कानाला कळत नाही. अधिक दाबले तर थापेची धार जाते, खंजिरी फटफटू लागते आणि दोन आघातांमधील शांतता नाहीशी होते. ज्या वाद्याचा जीव आघातात आहे, त्याची हानी अशा संस्कारात सर्वाधिक होते.

२०१० मध्ये युरोपीय प्रसारण संघाने ध्वनीची सरासरी पातळी मोजण्याची शिफारस प्रसिद्ध केली आणि पुढे गाणी पुरवणाऱ्या सेवांनीही हे तत्त्व स्वीकारले. यूट्यूबवर सुमारे उणे १४ एकक या पातळीहून मोठे असलेले गाणे आपोआप खाली आणले जाते. म्हणजे धार गमावून मिळवलेला मोठेपणा श्रोत्यापर्यंत पोहोचतच नाही. तरीही १४ एप्रिलच्या मिरवणुकीतील भिंतीएवढ्या ध्वनिवर्धकांवर वाजणारे गाणे आणि मोबाइलच्या बोटभर ध्वनिवर्धकावर ऐकले जाणारे गाणे यांच्या गरजा भिन्न असतात. अशा प्रसंगी दोन स्वतंत्र मास्टर करणे हे एकच मास्टर दोन्हीकडे रेटण्यापेक्षा श्रेयस्कर होय. घरी काम करणाऱ्याला हे सहज शक्य आहे, कारण त्याला तासाचे भाडे मोजावे लागत नाही.

दुसऱ्या कानाची आवश्यकता :

कंपनीच्या पद्धतीत कलावंताचे स्वातंत्र्य कमी होते, परंतु तिच्यात एक गुण होता : गाणे ज्याने घडवले त्याच्याहून वेगळा कान अखेरीस ते तपासत असे. घरगुती पद्धतीत हा दुसरा कान नाहीसा होण्याचा संभव असतो. शंभर वेळा ऐकलेल्या आपल्याच गाण्यातील दोष कानाला जाणवत नाहीत, हे स्वतःच्या लेखनाचे मुद्रितशोधन करणाऱ्या कोणाही अध्यापकास पटेल.

१९८२ मध्ये अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन याने घरी चार-पट्ट्यांच्या कॅसेट यंत्रावर गाणी मुद्रित केली आणि ‘नेब्रास्का’ हा संग्रह त्याच कॅसेटवरून प्रकाशित झाला; ती कॅसेट तबकडीवर उतरवताना तंत्रज्ञांना बरेच कष्ट पडले. २०१९ मध्ये बिली आयलिश हिचा बहुचर्चित संग्रह प्रामुख्याने भावाच्या शयनकक्षात ध्वनिमुद्रित झाला, मात्र त्याचे मास्टरिंग बाहेरच्या व्यावसायिक तंत्रज्ञाने केले. म्हणजे साधने घरी असूनही दुसऱ्या कानाची गरज मान्य केली गेली. २०१४ पासून ‘लँडर’सारख्या स्वयंचलित सेवा उपलब्ध आहेत. त्या सरासरीकडे नेतात. खंजिरीची धार राखावी की शब्द पुढे आणावा, हा निवाडा त्या करू शकत नाहीत. प्रबोधनाच्या गीतात शब्द स्पष्ट ऐकू येणे हाच पहिला निकष असतो. तेव्हा गीताचा उद्देश जाणणारा एखादा सहकारी, निदान एक दिवसाच्या विश्रांतीनंतर घेतलेले आपले स्वतःचे श्रवण, हा स्वयंचलित संस्कारापेक्षा भरवशाचा मार्ग आहे.

मास्टर फाइलचे साधन म्हणून परीक्षण :

इतिहासाच्या पद्धतिशास्त्रात साधनांचे बहिरंग व अंतरंग परीक्षण सांगितले आहे. संगणकीय ध्वनिमुद्रणालाही ते लागू करता येते. फाइलवर दिसणारी तारीख अनेकदा ती प्रत संगणकावर उतरवल्याची असते. गाणे कधी गायले गेले हे तीवरून ठरत नाही. बारा अक्षर-अंकांच्या आंतरराष्ट्रीय ध्वनिमुद्रण संकेतांकातील वर्षदर्शक दोन अंकही तो संकेतांक दिल्याचे वर्ष सांगतात. अंतरंग परीक्षणात मात्र बरेच काही हाती लागते. टेपची सुरसुर आणि हेलकावणारा वेग कॅसेटचे मूळ सुचवतात. सुमारे १६ हजार हर्ट्झच्या वरचा भाग एकदम छाटलेला असेल, तर ती फाइल कधीतरी १२८ किलोबिटच्या एमपी-३ रूपातून गेली असावी. तरंगाकृतीचा माथा करवतीने कापल्यासारखा सपाट असेल, तर संगणकीय लिमिटरच्या काळातील संस्कार झाला आहे, मग मूळ गायन कितीही जुने असो. ५० हर्ट्झची गुणगुण आपल्याकडील वीजपुरवठ्याची खूण आहे. अशा रीतीने एकाच गाण्याच्या चार प्रतींची वंशावळ लावता येते. पोथ्यांच्या पाठभेदांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकाला ही पद्धत अपरिचित वाटणार नाही.

स्वामित्वाचा प्रश्न :

१९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यात ध्वनिमुद्रण ही गीत व संगीत यांहून स्वतंत्र कृती मानली आहे. ज्याने ते घडवण्याचा पुढाकार व जबाबदारी घेतली तो निर्माता, आणि सामान्यतः तोच ध्वनिमुद्रणाचा पहिला स्वामी. कंपनीच्या काळात हा निर्माता कंपनी असे. घरी ध्वनिमुद्रण करणारा कलावंत कायद्याने आपोआप निर्माता होतो, याची जाणीव अनेकांना नसते. प्रकाशनानंतर ६० वर्षे हा हक्क राहतो. १९९४ च्या दुरुस्तीने प्रयोगकर्त्यांचे हक्क मान्य केले आणि २०१२ च्या दुरुस्तीने त्यांना मानधनाचा व श्रेयनिर्देशाचा अधिक ठोस आधार दिला. म्हणून ढोलकीवादक, कोरस आणि कवी यांच्याशी साधा लेखी करार करणे हिताचे आहे.

याच कायद्यात १९८४ मध्ये घातलेले कलम ५२-अ इतिहासकाराच्या विशेष उपयोगाचे आहे. ध्वनिमुद्रणावर व त्याच्या वेष्टनावर निर्मात्याचे नाव-पत्ता, हक्कधारकाचे नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष छापणे त्याने बंधनकारक केले. चोरट्या प्रती रोखणे हा त्यामागील हेतू होता. परंतु त्यामुळे कॅसेटच्या वेष्टनावर ऐतिहासिक नोंद आपोआप तयार झाली. वेष्टन नाहीसे झाले आणि ही नोंदही विरळ झाली. एका मोबाइलवरून दुसऱ्या मोबाइलवर जाणाऱ्या गाण्याला कवीचे नाव नसते, वादकाचे नसते, वर्षही नसते.

जतनाची निकड :

विठ्ठल उमप यांचे नोव्हेंबर २०१० मध्ये नागपूर येथे दीक्षाभूमीवरील कार्यक्रमात व्यासपीठावरच निधन झाले. त्यांचा आवाज ऐकण्यासाठी पुढील पिढ्यांना ध्वनिमुद्रणांवाचून मार्ग नाही. प्रसिद्ध कलावंतांची मुद्रणे अनेक ठिकाणी विखुरलेली असल्याने त्यांतील काही तरी टिकतात. परंतु इंदोऱ्यातील किंवा इतवारीतील एखाद्या घरात झालेल्या ध्वनिमुद्रणाचा मूळ मास्टर बहुधा एकाच संगणकात असतो. तो संगणक बिघडला, विकला गेला किंवा कलावंताच्या निधनानंतर भंगारात गेला, की मास्टर संपतो. महाजालावरील प्रत उरली तरी ती आकुंचित प्रत असते, आणि खाते बंद झाल्यास तीही जाते. मोठ्या कंपन्यांचे संग्रहही सुरक्षित नसतात. २००८ मध्ये लॉस एंजेलिस येथील आगीत युनिव्हर्सल कंपनीचे मास्टर टेप मोठ्या प्रमाणावर नष्ट झाल्याचे २०१९ मध्ये उघडकीस आले. तथापि कंपनीकडे निदान संग्रह नावाची वस्तू होती.

घरी झालेले ध्वनिमुद्रण शास्त्रशुद्ध पद्धतीने जपता येते, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या आणि बर्नार्ड बेल यांनी त्यांतील कित्येक ध्वनिमुद्रित केल्या. गावोगावी झालेल्या या कामात गाणाऱ्या स्त्रीचे नाव, गाव व तालुका यांची नोंद ठेवली गेली. म्हणूनच ते आज संशोधनाचे साधन आहे. मुंबई येथे १९९० मध्ये स्थापन झालेली ध्वनिमुद्रिका संग्राहकांची संस्था आणि अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे १९८२ मधील लोकसंगीत-संशोधन केंद्र यांचे कार्यही मार्गदर्शक आहे.

महाविद्यालयांच्या दृष्टीने खर्चाचा अडसर फारसा नाही. २४ बिट व ४८ हजार नमुने या परिमाणातील पाच मिनिटांच्या गाण्यास सुमारे ८६ मेगाबाइट जागा लागते. एक हजार गाणी सुमारे ८६ गिगाबाइटमध्ये मावतात. ध्वनिसंग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटना हेच किमान परिमाण सुचवते. मास्टर फाइलसोबत लिमिटरपूर्वीचे मिश्रणही घ्यावे, कारण दाबलेली शिखरे पुन्हा मूळ रूपात आणता येत नाहीत. तीन प्रती ठेवाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या इमारतीत असावी. कवी, गायक, वादक, तारीख, जागा आणि वापरलेली साधने यांची पानभर नोंद व संबंधितांची लेखी संमती घ्यावी. इतिहास, मराठी, संगीत आणि संगणकशास्त्र या विभागांनी मिळून पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांद्वारे हे काम सुरू करता येईल. जुन्या कॅसेटही यात समाविष्ट कराव्यात. नागपूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेली टेप फार काळ तग धरत नाही.

निष्कर्ष :

१) १९०२ पासून विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ध्वनीविषयीचा अंतिम निर्णय प्रामुख्याने कंपनी व प्रसारण संस्था यांच्याकडे होता. कॅसेटने प्रती काढण्याचे विकेंद्रीकरण केले, तर संगणकाने मास्टरिंगचे.

२) या विकेंद्रीकरणाचा लाभ नागपूर व विदर्भातील प्रबोधनपर गीतपरंपरेला झाला, आपले गीत कसे ऐकू यावे हे ठरवण्याचा अधिकार गाणाऱ्याकडे आला.

३) या अधिकाराबरोबर खोलीचे दोष ओळखणे, आवाजाच्या स्पर्धेत वाद्याची धार न गमावणे आणि दुसऱ्या कानाचे साहाय्य घेणे, ही जबाबदारीही कलावंतावर आली आहे.

४) मास्टर जपण्याची जबाबदारी कंपनीकडून सुटली, परंतु ती अद्याप कोणत्याही सार्वजनिक संस्थेने पुरेशी स्वीकारलेली नाही.

शिलालेख, ताम्रपट आणि बखरी ज्यांनी जपल्या त्यांच्यामुळे आपण मध्ययुगीन विदर्भाचा इतिहास शिकवू शकतो. आजच्या विदर्भाने स्वतःविषयी जे गाऊन ठेवले आहे, ते जपण्याचे काम याच पिढीतील अध्यापकांनी हाती घेतले पाहिजे. मास्टर करणारे हात आपल्या गल्लीत, आपल्या वर्गात आहेत. त्यांच्याकडे आजच जाऊन मागितले तर ते देण्यास ते तयार होतील, आणि नोंद करण्यासाठी लागणारी नावे व तारखा त्यांना अजून आठवत आहेत.